पुलापलीकडची सुट्टी

हार्लिंजन, टेक्सास
मंगळवार, ५ मार्च

प्रिय ब्रिसेइदा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते बंद करता येत नाही. फाडता येतं, पण त्यासाठी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की तू वाचणार. तुला मी वाढवलंय.

रविवारी जेवताना तू आजीला लाडाने म्हणालीस, ‘वेलिता, सुट्टीत आम्ही तिघी ताम्पिकोला जातोय, समुद्रावर.’ कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला निघाल्यासारखं म्हणालीस. मी काटा खाली ठेवला. त्यानंतर जे झालं त्याला तू भांडण म्हणतेस. मी त्याला अपुरं राहिलेलं संभाषण म्हणते आणि ते इथे पुरं करते.

सीमेपलीकडच्या त्या अख्ख्या राज्याला आपल्या सरकारने नकाशावर लाल रंग दिलाय. ‘जाऊ नका’ असं लिहिलंय. ‘जपून जा’ नाही, ‘विचार करून जा’ नाही. त्यावर तू म्हणालीस, ‘सरकार तर कच्चं अंडं खाऊ नका असंही सांगतं.’ हसलीस. तुझ्या वयाच्या मुलांना बसमधून उतरवून नेलंय त्या रस्त्यावर, ब्रिसे. अंड्याने असं कुणाला उतरवून नेल्याचं मी ऐकलं नाही.

मग म्हणालीस, ‘तुम्ही दर महिन्याला दातांसाठी सीमेवरचा पूल ओलांडता, ते चालतं?’ हो, चालतं. मी पायी जाते, भर सकाळी. डॉक्टरची पाटी पुलावरूनच दिसते, आणि परत येताना तोंडात भूल असल्यामुळे मी कुणाशी वाद घालू शकत नाही. यापेक्षा सुरक्षित प्रवास असू शकत नाही.

समुद्रच पाहिजे तर आपल्या घरापासून तासाभरावर बेट आहे. सगळ्या देशातली मुलं या सुट्टीत तिथे उलट्या करायला येतात. तुम्हा तिघींनाही जागा मिळेल. ‘सगळे जातात म्हणून तर नको,’ म्हणालीस. ‘आणि ताम्पिको आपलंच आहे, पणजी तिथलीच ना?’ पणजी तिथून निघाली, बाळ. निघाली. घरातली माणसं जिथून पळाली तिथे मजा करायला जाऊ नये, एवढं कळायला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत शिकावं लागत नाही.

मे महिन्यात तुझी परीक्षा, मग परवाना. एवढंच लक्षात ठेव.

उद्या राखेचा बुधवार, चाळीस दिवसांच्या उपवासाची सुरुवात. तुझ्या वसतिगृहाजवळ चर्च आहे, मी नकाशावर पाहिलंय.

तुझी आजी,
एर्मेलिंदा काव्हासोस


हार्लिंजन
शनिवार, १६ मार्च

ब्रिसे,

हे पत्र तुझ्या वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे तू परत आल्यावर वाचशील. परत आलीस तर. हे शेवटचे तीन शब्द खोडायचे होते, पण मी शाईने लिहिते, आणि शाळेत सिस्टर लिओकादियाने आम्हाला खाडाखोड करू दिली नाही. चुकीचं लिहिलंत तर ते तसंच राहू द्या, म्हणायच्या, म्हणजे पुढच्या वेळी आधी विचार कराल.

काल तू दारात उभी राहिलीस, मागे तुझ्या त्या दोघी मैत्रिणी. तुझी गाडी रस्त्यात बिघडली आणि आजोबांचा पिकअप ट्रक हवा होता, म्हणून आजीची आठवण झाली. मॅकेन्ना म्हणाली, ‘अय्या, तुझी आजी किती गोड आहे!’ मी तिला म्हटलं, ‘मी गोड नाही. मी सव्वीस वर्षं हायस्कूलची उपमुख्याध्यापिका होते.’ तरी ती हसतच राहिली. तिचे दात सरळ आहेत, एवढं मान्य.

किल्ली मी दिली नाही. तू खिळ्यावरून काढून घेतलीस. मी पाहिलं आणि गप्प राहिले. वाटलं, माझं गप्प राहणं तुला बोलण्यापेक्षा जास्त लागेल. लागलं नाही. शाळेत ही युक्ती कधी फसली नव्हती.

जायच्या आधी तू स्वयंपाकघरात आलीस, पिशवीतून पिस्तूल काढलंस आणि लाटण्याच्या खणात ठेवलंस. ‘हे इथे राहू दे. तिकडे चालत नाही. बघा, मी मूर्ख नाहीये.’ दुसऱ्यांचे बाप एकविसाव्या वाढदिवसाला घड्याळ देतात, तुझ्या बापाने हे दिलं. म्हणे एकट्या मुलीला लागतं. माझा मुलगा आहे म्हणून मी त्याला दुसरं काही म्हणत नाही. समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर तो महिनोन्महिने राहतो, तिथल्या माशांना त्याची अक्कल पुरत असेल.

आणि मग तू दाराशी थांबलीस, नेहमीसारखं डोकं पुढे केलंस. या घरातून कुणी कपाळावर आशीर्वादाचा क्रूस घेतल्याशिवाय गाव सोडलेलं नाही. तुझा बाप फलाटावर जाताना वाकतो, तुझे आजोबा शस्त्रक्रियेला नेताना स्ट्रेचरवरून मान उचलून थांबले होते. मी हात एप्रनच्या खिशात ठेवला. म्हटलं, ‘या प्रवासासाठी माझ्याकडे आशीर्वाद नाही.’

‘ठीक आहे,’ तू म्हणालीस, ‘वाटेत कुणाकडून तरी उसना घेईन.’

ट्रक कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीत होते. वळताना तू सिग्नल दिला नाहीस.

आजी


मातामोरोस
सोमवार, २५ मार्च

ब्रिसेइदा,

पत्त्यावरून कळलंच असेल की मी अजून इकडेच आहे. आजोबांची चुलत बहीण चोना, तिच्या घरी. तुला ती आठवणार नाही. आजोबांच्या अंत्यविधीला तीच सगळ्यात मोठ्याने रडली होती आणि सगळ्यात जास्त तमालेही तिनेच खाल्ले होते. ती गुरुवारी खरेदीला पूल ओलांडून ब्राउन्सव्हिलला जाते, तिथून पत्र टाकते. पाकीट चिकटवण्याआधी वाचतेही. वाच, चोना, खुशाल वाच.

तुम्ही गेलात त्यानंतर काय काय झालं ते तुला सगळं ठाऊक नाही, म्हणून सांगते. पुलाच्या टोकाला, कस्टमच्या नाक्यावर, तुमच्यासाठी तपासणीचा लाल दिवा लागला. हिरवा लागला असता तर तुम्ही आत्ता उन्हाने भाजलेली नाकं घेऊन वर्गात बसला असतात. लाल लागला, ट्रक बाजूला घेतला, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात मूठभर गोळ्या सापडल्या. आपल्याकडे ट्रकच्या कप्प्यात गोळ्या सापडणं म्हणजे च्युइंगम सापडण्यासारखं. इकडे तो गुन्हा आहे, बंदूक नसली तरी.

मॅकेन्नाच्या आईचा फोन आला. मी ट्रकचे कागद घेतले आणि चालत पूल ओलांडला. सरकारी वकिलाच्या कचेरीत तुम्ही तिघी एका बाकावर बसला होतात. मॅकेन्ना हसत नव्हती. मला पाहून तू उठलीस, म्हणालीस, ‘वेलिता, ते...’ आणि मी म्हटलं, ‘गप्प.’ त्यापुढे तुला बोलायची संधी मिळाली नाही, याबद्दल तू रागावली असशील तर रागाव.

ट्रक माझ्या नावावर आहे. गोळ्या तुझ्या आजोबांच्या. त्या तिथे होत्या हे मला माहीत होतं आणि काढायच्या राहून गेल्या. असं मी लिहून दिलंय आणि खाली सही केलीय. म्हणून तुम्हाला सोडलं आणि मला ठेवून घेतलं. उरेस्ती नावाचे वकील मिळाले आहेत, तोंडात सतत बडीशेप असते पण माणूस हुशार आहे. माझ्या वयाकडे बघून न्यायाधीशांनी मला तुरुंगात न पाठवता चोनाच्या घरी ठेवलंय. सुनावणी होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. तुरुंगात चोना नसती, हा एक फरक मी न्यायाधीशांच्या लक्षात आणून दिला नाही.

तुझं सगळं ठीक ना? वर्गात जा. कुणी विचारलं तर आजी नातेवाइकांकडे गेलीय असं सांग, ते खरंच आहे.

आजी


मातामोरोस
शुक्रवार, ५ एप्रिल

ब्रिसे,

तुझं पत्र नाही, फोन नाही. चोनाचा नंबर मी मागच्या पाकिटावर लिहिला होता.

हे पाकीट मी स्वतः चिकटवलंय, वर टेपही लावलाय. चोना बहिणीच्या नात्याने म्हणाली, ‘काय प्रिमा, प्रेमपत्र का?’ म्हटलं, ‘हो, पोपला.’

या घराला समोर लोखंडी फाटक आहे, मागे काचा लावलेली भिंत आणि वर पाण्याची टाकी असलेलं छत. छतापर्यंत मला परवानगी आहे. तिथून नदीपलीकडची झाडं दिसतात, आपल्या बाजूच्या एका दुकानाची पाटी आणि झेंडा. वारा दक्षिणेचा असला की झेंडा माझ्याकडे पाठ फिरवतो. मी रोज संध्याकाळी तिथे उभी राहते आणि माझा देश बघते, शेजारीण बघावी तसा.

अंधार पडला की चोना फाटकाला साखळी लावते आणि रेडिओ मोठा करते. काल बाहेर काहीतरी फाट फाट वाजलं. ती म्हणाली, ‘फटाके.’ मी म्हटलं, ‘चाळीस दिवसांच्या उपवासात कोण फटाके उडवतं?’ ती म्हणाली, ‘ज्यांना उपवास नाहीत ते.’ आणि बटाटे सोलत राहिली.

मी तिला तुझी गोष्ट सांगितली. सरकारचा लाल रंग, जाऊ नका, सगळं. मला वाटलं, ती म्हणेल, बरोबर आहे तुझं. ती सुरी थांबवून म्हणाली, ‘म्हणजे आम्ही लाल. बरं. तुमच्या पोरी घाबरून सुट्टीला इथे येत नाहीत, चांगलंय. आमच्या पोरी इथे रोज शाळेत जातात. त्यांनी सुट्टीला कुठे जायचं, ते तुझ्या सरकारने लिहिलंय का कुठे?’

तिचा मुद्दा मी मान्य केला. लिहून ठेव, असं वारंवार घडत नाही. पण माझं मत बदललेलं नाही. चोनाच्या नातींना इथे राहावंच लागतं. तुला यायची गरज नव्हती. ज्याला पर्याय नाही त्याच्या दारात जाऊन पोहण्याचे कपडे घालून उभं राहायचं, यात मला धाडस दिसत नाही.

आता टेप कशासाठी लावला ते लिहिते.

आजोबांकडे एकच बंदूक होती, छऱ्याची, कबुतरांसाठी. तिची काडतुसं लाल, जाडजूड, अंगठ्यापेक्षा मोठी. सरकारी वकिलाच्या टेबलावर होत्या त्या गोळ्या पितळेच्या होत्या, बारीक. शंभर गोळ्यांत मिसळल्या असत्या तरी मी सांगितलं असतं की त्या लाटण्याच्या खणातल्या वस्तूच्या आहेत. पिस्तूल घरी ठेवायची अक्कल तुला होती. गोळ्या दाराच्या कप्प्यात राहिल्या, फेब्रुवारीत तू बापाबरोबर याच ट्रकने नेमबाजीला गेलीस तेव्हापासून. हो ना?

उरेस्ती हळूच म्हणाले होते, ‘सेन्योरा, कुणाला तरी माहीत असायला हवं होतं. कुणालाच माहीत नव्हतं असं म्हटलं तर चालवणारी अडकते.’ मी तुझ्याकडे पाहिलं. तुझा परवाना, मे महिना, तुझे ते पांढरे बूट जे तू आत्ताच घेऊन ठेवलेस. मग म्हटलं, मला माहीत होतं.

हे तुझ्या बापाला सांगू नकोस. तो येईल, आणि खरं बोलेल. त्याला तेवढं एकच येतं.

मी रागावलेली नाही. म्हणजे, रागावलेली आहे, पण त्यासाठी तू पत्र लिहायचं थांबायला नको.

आजी


मातामोरोस
पवित्र आठवडा, मंगळवार, १६ एप्रिल

ब्रिसे,

ईस्टरआधी पापांची कबुली द्यायची म्हणून चोनाने पाद्रीला घरी बोलावलं. मला बाहेर जाता येत नाही. पाद्री कोवळा आहे, दाढी नीट आलेली नाही. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने आदराने विचारलं, ‘दोन्या लिंदा, पश्चात्ताप होतो आहे ना?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘पण ही तर शपथेवरची खोटी साक्ष आहे.’

‘मला व्याख्या माहीत आहे, फादर. मी नन्सकडे शिकलेय. तुम्ही जन्मायच्या आधीपासून मला व्याख्या माहीत आहे.’

‘निदान ती मागे घ्यायचा विचार?’

‘नाही.’

बिचाऱ्याने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘मग मी तुम्हाला क्षमा कशी देऊ? मला देताच येणार नाही.’

‘मग कॉफी घ्या,’ मी म्हटलं. त्याने कॉफी घेतली आणि चोनाची कापिरोतादा खाल्ली, पाव, गूळ आणि चीजची, दोनदा मागून. जाताना म्हणाला की माझ्यासाठी प्रार्थना करेल. मी म्हटलं, ‘वकिलासाठी करा, त्याला गरज आहे.’

तो गेल्यावर मी छतावर गेले. कबुलीची क्षमा नाही म्हणजे ईस्टरचा प्रसादही नाही. सात वर्षांची असताना पांढऱ्या झग्यात पहिल्यांदा प्रसाद घेतला, तेव्हापासून एकही ईस्टर मी प्रसादाशिवाय काढलेला नाही. बाळंतपणात नाही, आजोबा गेले त्या वर्षी नाही. या रविवारी सगळे रांगेत उभे राहतील आणि मी इथे चोनाच्या टीव्हीसमोर बसून राहीन. फाटकाची मला आता सवय झाली आहे. याची नाही होत.

खोट्याचं आणखी एक आहे, ते सिस्टर लिओकादियाने शिकवलं नव्हतं. ते एकदा बोलून संपत नाही. उरेस्ती येतात आणि म्हणतात, पुन्हा सांगा, सेन्योरा, सुनावणीला तसंच सांगायचं आहे. मी पुन्हा सांगते. आजोबा शिकारीहून आले, गोळ्या कप्प्यात टाकल्या, मी पाहिल्या. आता मला ते दिसायलाच लागलंय. त्यांनी घातलेला शर्टसुद्धा. माझ्या नवऱ्याची एक आठवण माझ्याकडे वाढली आहे आणि ती खोटी आहे.

आता मुख्य. काल तू चोनाला फोन केलास. माझ्याशी बोलायचं नाही म्हणालीस, रडायला येईल म्हणून. तिला सांगितलंस की सुनावणीला येणार आणि न्यायाधीशांना खरं सांगणार. तू झोपत नाहीस, जेवत नाहीस, असंही चोना म्हणाली, पण चोना भर घालते.

येऊ नकोस.

इतके दिवस मी जे सोसलं ते तू पाच मिनिटांत मातीत घालशील. मला सोडतील की नाही माहीत नाही, तुला मात्र नक्की धरतील, आणि वर मी खोटं बोलले म्हणून मलाही. एकीच्या जागी दोघी. परवाना विसर. गुन्हा नोंदलेली मुलगी कुठल्या रुग्णालयात इंजेक्शन देणार? तुला बरं वाटावं म्हणून तू येणार आहेस. तुला बरं वाटण्यासाठी मी इथे बसलेली नाही.

पाकिटामागे चोनाचा पत्ता लिहिलाय. तो पोस्टासाठी आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. फाटक हिरव्या रंगाचं आहे, हे मी उगाच लिहिते आहे.

आजी


मातामोरोस
मंगळवार, ३० एप्रिल

ब्रिसेइदा,

काल बस सुटायच्या घाईत आपलं बोलणं झालं नाही. तू मला मिठी मारलीस, मी तुला केस नीट बांधायला सांगितलं, एवढंच.

न्यायालयात तू मागच्या बाकावर येऊन बसल्याचं मला कळलं होतं. मी वळले नव्हते, पण चोनाने कोपराने ढोसलं. मी माझं सगळं सांगितलं, शिकार, कप्पा, शर्ट. न्यायाधीश बाई तरुण, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्या लिहीत होत्या तेवढ्यात मागे बाक करकरला आणि तुझा आवाज आला, ‘मला काही सांगायचंय.’

बाईंनी मान वर केली. ‘आपण कोण?’

‘नात,’ तू म्हणालीस. ‘ट्रक मी चालवत होते.’

तुझ्या आवाजात कंप नव्हता. कोरा, सरळ आवाज, अगदी माझ्यासारखा. मला वाटलं, ही आता सांगणार. छातीत काहीतरी सुटलं, घट्ट बुटाची नाडी सुटावी तसं. खरं सांगते, त्या क्षणी मला पुढच्या कशाचीच पर्वा नव्हती. आणि त्याच क्षणी मी वळले आणि शाळेच्या लांब व्हरांड्यात ओरडायचे त्या आवाजात म्हटलं, ‘खाली बस!’

अख्खं न्यायालय बसलं. दाराजवळचा शिपाई बसला. उरेस्ती आधीच बसलेले होते, ते आणखी बसले. तू बसलीस.

बाई हसू दाबत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तुला विचारलं, अगदी शांतपणे, वेळ देऊन, ‘मुली, आजीबाईंकडे बघू नको. तुला काही सांगायचंय का?’

मी पुढे बघत होते. मी तोंड उघडलं नाही. यावेळी मी एक शब्दही बोलले नाही, ब्रिसे, हे तुला आठवत असेल.

तू म्हणालीस, ‘नाही.’

निकाल तू ऐकलाच आहेस. शिक्षा नाही, पण सप्टेंबर संपेपर्यंत हे शहर सोडायचं नाही आणि दर आठवड्याला कचेरीत सही करायची. आता फाटकाबाहेर पडता येतं. आज सकाळी चोनाबरोबर बाजारात गेले, पुलाच्या तोंडापर्यंत चालत गेले आणि परत आले. लोक पिशव्या घेऊन ये-जा करत होते. कुणी वर बघतही नव्हतं.

तू केलंस ते बरोबर केलंस. मीच सांगितलं होतं, कारणंही मीच लिहून पाठवली होती, आणि त्यातलं एकही कारण आज बदललेलं नाही. तुझी परीक्षा आहे. तू पास होशील, तुला परवाना मिळेल, पांढरे बूट घालशील. मला हवं होतं ते सगळं जसंच्या तसं झालं. चोना म्हणते, ‘मग तोंड का असं करून बसलीस, प्रिमा? जिंकलीस ना?’ मी तिला सांगितलं, दात दुखतोय.

येऊ नकोस म्हटलं होतं, तरी तू आलीस. बसमधून एवढा प्रवास करून, पूल ओलांडून, उभी राहिलीस. तिथपर्यंत तुला कुणी अडवू शकलं नाही. आणि मग मी दोन शब्द बोलले.

किती पटकन बसलीस, ब्रिसे.

आजी